मतदान न करता परतणारी माणसं कुठे अडतात

मतदानाच्या दिवशी सकाळी सव्वासातला आमच्या मदतीच्या टेबलाकडे जी पहिली माणसं येतात, ती बहुतेक साठीपुढची असतात. हातात मागच्या निवडणुकीची चिठ्ठी, घडी घालून जपलेली. "शाळेला कुलूप आहे हो," एवढंच सांगतात. कुलूप खरंच असतं. शाळा धोकादायक ठरून रिकामी केलेली असते, किंवा पुनर्विकासात गेलेली असते, किंवा तळमजल्यावर खोली उरलेली नसते आणि केंद्र तळमजल्यावरच हवं असा निवडणूक आयोगाचा दंडक असतो. कधी शाळा जागच्या जागी असते, पण त्या यादी भागातले, म्हणजे मतदार यादीच्या त्या केंद्रापुरत्या तुकड्यातले मतदार मर्यादेबाहेर गेल्यामुळे केंद्राचे दोन भाग झालेले असतात आणि अर्धी गल्ली पलीकडच्या समाजमंदिरात गेलेली असते.

यातलं काहीही रातोरात होत नाही. मतदार यादीच्या दर पुनरीक्षणाआधी केंद्रांचं सुसूत्रीकरण, म्हणजे फेरआखणी होते. जिल्हा निवडणूक अधिकारी प्रारूप यादी लावतात, पक्षांची बैठक होते, हरकती येतात आणि आयोगाच्या मंजुरीनंतर यादी पक्की होते. मतदाराला २ किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये आणि एका केंद्रावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त मतदार नसावेत, हे दोन निकष. ही संख्या पूर्वी १५०० होती, २०२५मध्ये ती १२००वर आणली. निर्णय चांगला आहे, आम्हाला तो हवाच होता. पण केंद्रं वाढतात तेव्हा तितकीच माणसं नव्या दाराशी पाठवायची असतात, आणि ते कळवण्याचं काम नेहमी मागे राहतं. बदललेल्या केंद्राची सूचना जुन्या दारावर डकवायची असते. ती ठळक अक्षरात, नव्या जागेच्या खुणेसकट लावलेली असेल तर तिथून माणूस दहा मिनिटांत योग्य ठिकाणी पोचतो. नसेल तर घरी जातो, आणि दुपारच्या उन्हात पुन्हा बाहेर पडत नाही.

म्हणून चिठ्ठीवरच्या जागेवर विसंबू नका, मागच्या वेळी केलं तिथेच यंदाही असेल असं धरू नका. आदल्या रात्री मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक आयोगाच्या ॲपवर किंवा मतदार सेवा संकेतस्थळावर टाका. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा तो क्रमांक. जुन्या ओळखपत्रांवर 'एमटी' ने सुरू होणारा, तिरक्या रेघांचा लांब क्रमांक असतो. तो टाकून नाव सापडत नाही आणि माणसाला वाटतं नाव उडालं. तसं नसतं. त्या वेळी नाव, वय, जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघ घालून शोधायचं. मराठीतून शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहायचं, विवाहित स्त्रियांचं नाव माहेरच्या आडनावानेही पाहायचं. इंटरनेट नसेल तर १९५० हा मदत क्रमांक आहे. शोधून काढायच्या गोष्टी तीनच: यादी भाग क्रमांक, त्यातला अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता. हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. फोनवर ठेवू नका, कारण फोन आत नेता येत नाही.

एक सावधगिरी. लोकसभा-विधानसभेची यादी आणि महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषदेची यादी वेगवेगळी चालते. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेची यादी प्रभागांत फोडली जाते, केंद्रं वेगळी पडतात आणि अनुक्रमांकही बदलतो. एका निवडणुकीची माहिती दुसरीला वापरली की चुकीच्या दारात उभं राहणं ठरलेलं.

आवारात पोचल्यावरही काम संपत नाही. शहरातल्या एका शाळेत सहा-आठ केंद्रं असतात, प्रत्येक वर्ग म्हणजे एक केंद्र. चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून आत गेल्यावर "तुमचा भाग हा नाही" असं ऐकावं लागणं हे आम्ही सर्वांत जास्त पाहिलेलं दुःख आहे. प्रवेशाजवळ मतदार सहाय्यता कक्ष असतो, तिथे बीएलओ, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणारे कर्मचारी बसतात आणि त्यांच्याकडे अक्षरक्रमाने लावलेली यादी असते. रांगेत लागण्याआधी तिथे दोन मिनिटं द्या. एकाच घरातल्या माणसांची नावं दोन भागांत विखुरलेली असणं अगदी नेहमीचं आहे. नवऱ्याच्या मागे बायकोने आणि आईच्या मागे मुलाने डोळे झाकून उभं राहू नये. क्रमांकापुढे 'अ' लागलेलं केंद्र म्हणजे मूळ केंद्राचं सहाय्यकारी केंद्र. त्याची खोली बहुधा शेजारी असते, कधी मागच्या मंडपात.

आता खरा अवघड भाग. नाव सापडत नाही.

इथे थोडं थांबून नेमकं काय झालं आहे ते बघावं लागतं, कारण 'नाव नाही' या दोन शब्दांखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली शक्यता, नाव पुरवणी यादीत आहे. मूळ यादी संपल्यावर मागे जोडलेल्या पानांत नव्याने नोंदवलेली नावं येतात. घाईत ती पानं उलटलीच जात नाहीत. "पुरवणी बघा" हे आपणहून म्हणावं. दुसरी शक्यता, नावावर 'वगळले' असा शिक्का आहे. त्याच्याशेजारी इंग्रजी अक्षर असतं: 'ई' म्हणजे मृत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार, 'एम' म्हणजे सापडले नाहीत, 'क्यू' म्हणजे अपात्र. जिवंत माणसासमोर 'ई' असलं तरी त्या दिवशी केंद्रावरचा कोणीही ते पुसू शकत नाही. केंद्राध्यक्षांवर ओरडून उपयोग नाही, त्यांच्याकडे तो अधिकारच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ स्पष्ट आहे: ज्याचं नाव त्या वेळी अमलात असलेल्या यादीत नाही त्याला मत देता येत नाही.

तिसरी शक्यता मात्र अगदी वेगळी आहे आणि तिथेच माणसं विनाकारण परत जातात. केंद्राध्यक्षांकडे आणखी एक यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची. कर्मचारी तिला 'एएसडी यादी' म्हणतात. घरोघर चिठ्ठ्या वाटताना जी माणसं भेटली नाहीत त्यांची नावं तिच्यात असतात. कुलूपबंद घर, दिवसपाळीवर गेलेलं कुटुंब, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, कोणीही त्यात येतं. या यादीत नाव असणं म्हणजे मतदार यादीतून नाव जाणं नव्हे. असा मतदार ओळखीचा पुरावा घेऊन आला, केंद्राध्यक्षांनी स्वतः पडताळणी केली, सहीबरोबर अंगठ्याचा ठसा आणि घोषणापत्र घेतलं, की त्याने मत द्यायचं. "तुमचं नाव एएसडीत आहे" असं सांगून कोणी बाजूला काढत असेल तर शांतपणे म्हणा, "मग केंद्राध्यक्षांकडून माझी पडताळणी करून घ्या." हे एवढं वाक्य माहीत असलेली माणसं मत देऊन जातात.

दर निवडणुकीत फोनवर एक संदेश फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, 'कलम ४९-ए' खाली 'चॅलेंज वोट' मागा, तो तुमचा हक्क आहे. हे खोटं आहे, आयोगाने वारंवार खोडून काढलं आहे. तरी प्रत्येक वेळी पाच-दहा जण तो संदेश दाखवत वाद घालतात आणि त्यांच्यामागची रांग थांबते. खरं आक्षेपित मत असं असतं: उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला वाटलं की समोरचा माणूस तो नव्हेच, तर त्याने २ रुपये रोख भरून आक्षेप घ्यायचा. पुरावा आधी आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो. मतदाराने मागायची ही सोयच नाही.

नाव नसलेल्या माणसाला आम्ही त्याच दिवशी अर्ज भरायला बसवतो. मत त्यातून मिळत नाही, पण पुढच्या वेळी तो पुन्हा याच टेबलाशी येऊ नये एवढ्यासाठी. नवीन नोंदणीला नमुना ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. घर बदललं म्हणून नमुना ६ नव्याने भरणारे दुबार ठरतात आणि मग कधी कधी दोन्हीपैकी नको ते नाव उडतं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे वय मोजण्याच्या तारखा आहेत, त्यामुळे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनी वर्षभर थांबायचं कारण नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज घेतात, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण १० दिवस आधीपर्यंत आलेल्यांचाच त्या निवडणुकीसाठी विचार होतो, कारण हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. प्रचाराच्या गाड्या गल्लीत फिरू लागतात तेव्हा ही वेळ निघून गेलेली असते.

ओळखपत्राचा अडथळा त्यामानाने सोपा आहे. मतदार ओळखपत्र हरवलं तरी चालतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा टपाल कार्यालयाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं नोकरीचं ओळखपत्र, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड अशी बारा कागदपत्रं चालतात. रेशन कार्ड त्यात नाही, आणि गावाकडची म्हातारी माणसं नेमकं तेच घेऊन येतात. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठीही २०१९पासून ओळख म्हणून चालत नाही. दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं मतदार ओळखपत्र मात्र चालतं, नाव या यादीत असलं म्हणजे झालं. नावातल्या एखाद्या मात्रेच्या फरकावरून कोणाला परत पाठवायचं नसतं. ओळख पटते आहे ना, एवढंच केंद्राध्यक्षांनी बघायचं. परदेशातून नोंदणी केलेल्या अनिवासी मतदाराला पासपोर्टची मूळ प्रतच लागते.

फोनमुळे २० मे २०२४ला मुंबई-ठाण्यात फार हाल झाले. ऊन, लांब रांगा, आणि दाराशी पोचल्यावर कळायचं की फोन नेता येत नाही. एकटा आलेला माणूस फोन कोणाच्या हाती देणार? कित्येक जण घरी फोन ठेवायला गेले ते गेलेच. मे २०२५मध्ये आयोगाने ठरवलं की केंद्राच्या दाराशी फोन जमा करायची सोय असावी, साध्या खणांची पेटी किंवा तागाच्या पिशव्या चालतील. बंद केलेला फोन घेऊन १०० मीटरच्या आत यायला हरकत नाही. सोय दिसली नाही तर दारावरच्या पोलिसाशी वाद न घालता सहाय्यता कक्षात विचारा. तरीही आमचा सल्ला तोच: फोन घरी ठेवा.

सर्वांत जास्त मनाला लागणारा प्रसंग वेगळाच. बाई आत जातात, मतदान अधिकारी क्रमांक १ यादी बघतो आणि म्हणतो, "तुमचं मत झालंय." बोटावर शाई नाही, तरी झालंय. बहुतेक बायका मान खाली घालून बाहेर येतात. तसं करायचं नाही. निवडणूक संचालन नियमांतला ४९-पी हा नियम नेमका यासाठीच आहे. केंद्राध्यक्षांनी तुमची ओळख प्रश्न विचारून पटवून घ्यायची. पटली की तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका द्यायची, ज्याला सगळे 'टेंडर वोट' म्हणतात. प्रत्येक केंद्राकडे अशा २० मतपत्रिका दिलेल्या असतात. नमुना १७-ब मध्ये तुमची सही होते, मतपत्रिकेवर बाणफुलीचा शिक्का मारायचा, घडी घालायची आणि केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. ती स्वतंत्र पाकिटात जाते. यंत्रावर मत देता येत नाही, आणि हे मत नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मग कशासाठी द्यायचं? कारण निकाल अटीतटीचा लागून प्रकरण न्यायालयात गेलं तर ती पाकिटं महत्त्वाची ठरू शकतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली विधानसभेचा निकाल एका मताने लागला, आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. शिवाय तुमच्या नावाने दुसरं कोणी येऊन गेलं याची सरकारी नोंद त्या कागदाशिवाय कुठेच राहत नाही.

प्रत्येक वेळी त्यामागे लबाडीच असते असं नाही. एकाच यादीत एकाच नावाच्या दोन बायका असतात आणि घाईत रेघ भलत्या नावाखाली ओढली जाते. म्हणूनच मतदान अधिकाऱ्याने अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं असतं. ते फक्त प्रतिनिधींसाठी नाही. आपला क्रमांक कानांनी ऐका, आणि वेगळा वाटला तर शाई लागण्याआधी तिथल्या तिथे बोला.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी द्यावा लागतो. यात एक खाच आहे जी घरच्यांना कोणी सांगत नाही. अर्ज मंजूर झाला की यादीत त्या नावासमोर टपाली मतपत्रिकेची खूण होते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. पथक ठरलेल्या दिवशी येतं, कोणी भेटलं नाही तर आणखी एकदा येतं, नंतर नाही. आजोबा त्या दोन्ही दिवशी दवाखान्यात असले तर मत गेलं. ज्यांना धरून का होईना केंद्रापर्यंत आणता येतं त्यांच्यासाठी १२-डी भरण्याआधी विचार करा. केंद्रावर उतार आणि चाकाची खुर्ची असायला हवी, आणि वृद्धांना, अपंगांना रांगेत थांबवायचं नसतं. ज्याला दिसत नाही किंवा बटण दाबता येत नाही त्याच्यासोबत अठरा वर्षांवरची एक व्यक्ती मतदान कक्षात जाऊ शकते, नमुना १४-अ मध्ये घोषणापत्र देऊन. तिला त्या दिवशी एकाच मतदाराचं सोबती होता येतं. चार शेजारणींना घेऊन आलेल्या सुनेला इथे अडवतात ते नियमानेच. आणि उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या गाडीतून फुकट येऊ नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) खाली तो भ्रष्टाचार ठरतो.

आता रांग. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. १२०० मतदारांच्या केंद्रावर ६५ टक्के आले तर ७८० माणसं, म्हणजे एकामागे जेमतेम ५० सेकंद. १५०० असते तर ४०. यात नाव शोधणं, शाई, नमुना १७-अ या नोंदवहीतली सही, बटण आणि व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, सगळं आलं. माणसं अकरा तासांत सारखी वाटून येत नाहीत, सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर लोटतात. यंत्र अर्धा तास बंद पडलं की पस्तीसेक माणसं मागे साचतात. प्रत्यक्ष मतदानात कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचं) किंवा बॅलट युनिट (मतदाराच्या बटणांचं) बिघडलं तर पूर्ण संच बदलावा लागतो आणि बदललेल्या संचावर पुन्हा प्रत्येक उमेदवाराला आणि 'नोटा'ला एकेक मत देऊन चाचणी होते. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. राखीव यंत्रं क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत असतात, तेव्हा वेळ लागतो तो गाडी येण्याचा. व्हीव्हीपॅट खिडकीच्या उन्हात किंवा थेट दिव्याखाली ठेवलं की त्याचे सेन्सर गोंधळतात. मंडपातल्या केंद्रात दुपारी ऊन फिरतं तेव्हा हे घडतं, आणि टेबल हलवणं हाच त्यावर आधी करायचा उपाय.

बटण दाबण्याची घाई करू नका. तिसरा अधिकारी 'बॅलट' दाबेपर्यंत यंत्र मत घेत नाही. बॅलट युनिटवर हिरवा दिवा लागलेला बघा, मग दाबा. नावासमोर लाल दिवा लागतो, चिठ्ठी दिसते आणि लांब बीप होते. बीप झाली नाही तर मत पडलेलं नाही. तिथेच थांबून सांगा, बाहेर येऊन सांगून काही करता येत नाही.

यंत्र बंद होतं तेवढा वेळ शेवटी वाढवून मिळेल असं समजून घरी जाणाऱ्यांची फसगत होते. मतदान उशिरा सुरू झालं तरी ठरलेल्या वेळेलाच बंद होतं. आणि ती वेळ सगळीकडे ६ नाही. गडचिरोलीच्या काही मतदारसंघांत सुरक्षेसाठी मतदान ३ वाजता संपतं, तिथे जंगलातून चालत येणाऱ्या माणसाला सकाळीच निघावं लागतं.

कामावरून सुटी मिळत नाही ही तक्रार दुकानं, बांधकामं आणि घरकाम या तिन्हीकडून येते. त्याच कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही भरपगारी सुटी द्यायची आहे. ती दिली नाही तर मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत, त्यामुळे धाक कमी. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांना तर सुटी देऊनही भागत नाही. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा गाळप हंगाम तोंडावर होता आणि मराठवाड्यातली घरंच्या घरं कारखान्यांच्या वाटेला लागली होती. स्थलांतरितांना आहे तिथून मत देता यावं असं यंत्र दाखवायला आयोगाने जानेवारी २०२३मध्ये पक्षांना बोलावलं होतं. ते वापरात आलं नाही. फडावरच्या माणसासाठी आज कोणताही नमुना नाही, आणि आमच्या लेखी हे या सगळ्यातलं सर्वांत मोठं बंद केंद्र आहे.

संध्याकाळी साडेपाचनंतर धावत येणाऱ्यांना आम्ही एकच सांगतो, रांग कितीही मोठी दिसू दे, उभे राहा. सहाच्या ठोक्याला जो आवारातल्या रांगेत आहे त्याचं मत घेतलं जातंच, मग रात्रीचे नऊ वाजोत. केंद्राध्यक्ष सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात. वाटप दाराकडून सुरू होत नाही, शेपटाकडून होतं: शेवटी उभा असलेल्याला १ क्रमांक, त्याच्या पुढच्याला २, असं दारापर्यंत, म्हणजे मागून कोणी नवा शिरू शकत नाही. चिठ्ठी हातात पडली की ती मुठीत धरून ठेवा. पाणी प्यायला जायचं असेल तर पुढच्या-मागच्याला सांगून जा. आणि चिठ्ठ्या पुढून वाटायला लागले, तर लगेच केंद्राध्यक्षांना हाक मारा.